सोळा घरं, तीन शिफ्ट आणि शाहकाकांचे टक्के

अहवाल लिहून संपला की टेबलावर दोन ढीग उरतात. एक अहवालाचा. त्याला स्पायरल बायंडिंग असतं, अनुक्रमणिका असते आणि तो कुणीही वाचत नाही. दुसरा ढीग अहवालात न मावलेल्या गोष्टींचा. त्याला ना पान नंबर, ना प्रकरणं. पण ऑफिसात कुणी चहाला आलं की तोच आधी उघडतो आणि मग चहाचे तीन राउंड होतात!

ऑफिस म्हणजे कारेलीबागेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या दोन खोल्या. मधली भिंत प्लायवूडची. माणसं तीन. मी मुक्ता. इथेच वाढले, मग दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये गुणात्मक संशोधन शिकले आणि तिथली चालून आलेली नोकरी नाकारून बडोद्याला परत आले. गुणात्मक संशोधन म्हणजे काय, हे माझ्या बाबांनी सगळ्या नातेवाइकांना एका वाक्यात समजावलं आहे: "ती लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारते. त्यातच मास्टर्स केलंय."

तसं ते फार चूक नाही. 'किती' हे मोजण्याआधी 'कसं' हे विचारायचं. माणसाला त्याचं जगणं त्याच्याच शब्दांत सांगू द्यायचं आणि ते शब्द मग प्रामाणिकपणे, पुन्हा पुन्हा वाचायचे. माझी यावर श्रद्धा आहे. हसणाऱ्याने खुशाल हसावं.

दुसऱ्या सुलभाताई. वय अठ्ठावन्न. वीस वर्षं निरनिराळ्या सर्व्हेंचे फॉर्म भरत त्यांनी अख्खं बडोदं पायाखाली घातलंय. कुठल्या सोसायटीत कुत्रा आहे आणि कुठल्या सोसायटीत चेअरमन, हे त्यांना तोंडपाठ. तिसरा जिग्नेश. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून तो शब्दन् शब्द टाइप करतो. त्याच्यासारखा काटेकोर माणूस मी बघितलेला नाही.

आमचा विषय होता: नंदेसरीच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या बायका कशा जगतात? नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट, सेकंड, नाइट. शिफ्ट त्याची बदलते, पण जेवणं, झोपा, मुलांचे अभ्यास, पाहुणे, सगळं घरच बदलतं. ते कसं असतं? सोळा घरं, सोळा बायका.

एका ट्रस्टने आम्हाला त्यासाठी एक वर्ष दिलं होतं. मुदत वाढली तर ऑफिस टिकणार. नाही वाढली तर सुलभाताई परत सर्व्हेकडे, जिग्नेश त्याच्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि मी परत विमानात! मुदतवाढीच्या अर्जावर सही करणार होते ट्रस्टचे सेक्रेटरी, शाहकाका. रिटायर्ड इंजिनियर. बडोद्यात जन्म गेल्यामुळे मराठी फर्डं. आणि त्यांची श्रद्धा होती टक्क्यांवर.

(नावं सगळी बदललेली आहेत. शाहकाकांचंही. पण ते वाचून ओळखतीलच आणि फोन करतील.)

*

सुलभाताईंची पहिली मुलाखत. मी आदल्या दिवशी त्यांना दोन तास शिकवलं होतं. प्रश्न उघडा ठेवायचा. उत्तर सुचवायचं नाही. पर्याय द्यायचे नाहीत. "कालचा तुमचा दिवस कसा गेला, उठल्यापासून सांगा," एवढं म्हणायचं आणि ऐकायचं.

सुलभाताईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "कालचा तुमचा दिवस कसा गेला, ताई?"

समोरची बाई विचार करायला लागली. दोन सेकंद झाले. तीन झाले. वीस वर्षांची सवय सुलभाताईंच्या घशाशी आली.

"अतिशय चांगला, चांगला, बरा, वाईट, अतिशय वाईट?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला.

बाई म्हणाली, "तसं नाही सांगता येणार हो. सकाळी वेगळा होता, मग ते ड्यूटीवरून आले, मग..."

सुलभाताईंनी पेन उचललं. "'यापैकी नाही' असं लिहू?"

*

ऐकण्याचा पहिला नियम माझ्या तिकडच्या प्राध्यापक बाईंनी शिकवला होता: प्रश्न विचारा आणि गप्प बसा. माणसाला शांतता सहन होत नाही. तो ती भरून काढायला बोलायला लागतो आणि खरं तेच बोलतो.

हे मी छाणीला वंदनाताईंकडे करून बघितलं. वंदनाताई मूळच्या जळगावच्या, नवरा नंदेसरीला ऑपरेटर. मी प्रश्न विचारला आणि मान किंचित कलती करून, चेहऱ्यावर जिव्हाळा ठेवून गप्प बसले.

वंदनाताई उठल्या आणि पाणी घेऊन आल्या.

मी पाणी प्यायले. पुन्हा गप्प बसले. त्या उठल्या आणि लिंबू सरबत घेऊन आल्या.

मी सरबत प्यायले. पुन्हा मान कलती केली. आता वंदनाताईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. मला वाटलं, आली! शांतता काम करायला लागली!

"मुक्ताबेन, उपाशी आलात का?" त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बशीत चेवडा ओतला.

चेवड्यानंतरच्या शांततेला त्यांनी बाम आणला. बामनंतरच्या शांततेला शेजारच्या बेनना हाक मारली. त्या बेननी मला नीट न्याहाळलं आणि वंदनाताईंना गुजरातीत विचारलं, की या पोरीला बोलता येत नाही का? मी दोन भाषांत खुलासा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बोल ने बेटा! लाजतेस कशाला?"

जिग्नेशच्या टाइप केलेल्या प्रतीत ती पूर्ण मुलाखत आहे: '[अकरा सेकंद शांतता.] [भांड्याचा आवाज.] [सतरा सेकंद शांतता.] [कुणीतरी चेवडा खातंय.]'

दुसऱ्या दिवशी सुलभाताई माझ्याबरोबर आल्या. वंदनाताई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सुलभाताई काही न बोलता खाली बसल्या, ताट अर्धं स्वतःकडे ओढलं आणि सोलायला लागल्या. मीही सोलायला लागले. कुणी काही बोलेना. पण आता कुणी पाणीही आणेना! चार मिनिटांनी वंदनाताई ताटाकडे बघतच म्हणाल्या, "मला ना, नाइट शिफ्टच्या आठवड्यात स्वतःच्या घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं..."

आणि पन्नास मिनिटं बोलल्या.

परतताना सुलभाताई मला म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे रिकाम्या हाताने गप्प बसलेलं माणूस एक तर आजारी असतं नाही तर रुसलेलं. हात चालू ठेव. मग कितीही गप्प बस."

स्कॉटलंडच्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. त्या आठवड्यात ट्रस्टकडे साहित्याची यादी पाठवायची होती. मी पूर्ण प्रामाणिकपणे लिहिलं: रेकॉर्डर एक, बॅटऱ्या चार, संमतीपत्रं, तुरीच्या शेंगा अर्धा किलो (उन्हाळ्यात गवार).

शाहकाकांचा फोन आला. "बेटा, हे शेंगा म्हणजे काय?"

"काका, उपकरण आहे."

"मग त्याची गॅरंटी किती दिवसांची?"

*

जिग्नेशला मी सांगितलं होतं, की जे ऐकू येईल ते सगळं लिही. हसणं, खोकणं, उसासे, सगळं. हे त्याने इतकं मनावर घेतलं, की भावनाबेनच्या मुलाखतीत पानापानावर लिहिलं होतं: '[कुकरची शिट्टी. अस्पष्ट.]'

भाषांतर करून मी ते तिकडे प्राध्यापक बाईंना पाठवलं. त्यांना फार आनंद झाला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी अख्खा तास शिट्ट्यांवर घेतला. या शिट्ट्या सहज नाहीत, त्या म्हणाल्या. नीट बघ. सासूचा विषय निघाला की शिट्टी! दर वेळी! या स्वयंपाकघरातल्या दबावाची आणि त्या मुक्त होणाऱ्या वाफेची तू मांडणी करायला हवीस.

मी वहीत लिहून घेतलं. कॉल बंद झाला तसे आम्ही तिघं दहा मिनिटं हसत होतो. जिग्नेशला तर ठसकाच लागला. "दीदी, त्यांना सांगा, आत बटाटे होते!"

पण नियम म्हणजे नियम. अर्थ लावला, तर तो ज्याच्याबद्दल लावला त्याला विचारून बघायचा. म्हणून मी आणि सुलभाताई पुन्हा भावनाबेनकडे गेलो आणि मी जरा लाजतच विचारलं, की त्या दिवशी सासूबाईंचा विषय निघाला की कुकरची शिट्टी व्हायची, ते...

भावनाबेननी पटकन आतल्या खोलीकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बा आतच बसतात ने! शिट्टी होते तेव्हाच बोलता येतं."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"बटाटे तर दोन शिट्ट्यांत होतात. त्या दिवशी मी नऊ काढल्या. पण तुम्ही लिहून घेतलं ने सगळं?"

सगळ्यात महत्त्वाची नऊ वाक्यं आमच्याकडे 'अस्पष्ट' म्हणून नोंदवलेली आहेत. आणि सात समुद्रांपलीकडे बसलेल्या बाईंचं म्हणणं खरं निघालं, हे त्यांना कळवताना मी बटाट्यांचा उल्लेख गाळला.

*

आम्ही प्रत्येकीला समजावून सांगायचो, की अहवालात तुमचं नाव येणार नाही, तुम्ही सुचवाल ते दुसरं नाव घालू, म्हणजे कुणाला कळणार नाही.

कोकिळाबेननी तीन दिवस विचार करून 'राजेश्वरी' हे नाव निवडलं. दोन आठवड्यांनी मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये शिरले तर वॉचमन म्हणाला, "राजेश्वरीबेनकडे ने? तिसरा माळा."

मी धावतच वर गेले. "कोकिळाबेन! अहो, हे गुप्त ठेवायचं होतं!"

"गुप्तच आहे!" त्या दुखावून म्हणाल्या. "फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय."

*

सहा महिन्यांनी शाहकाकांनी आम्हाला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलं. "काय निघालं ते दाखवा." याच माणसाची सही हवी होती.

"किती जणींशी बोललात?"

"सोळा, काका."

"सोळा?" त्यांनी चष्मा काढला. "अरे सोळा तर आमच्या बगीच्यात रोज सकाळी नुसतं हसायला येतात. सोळांवरून काय कळणार?"

"काका, प्रत्येकीशी तीन-तीनदा बोललोय. खूप खोल जाऊन..."

"खोल बोअरवेलवाला जातो. मला टक्के सांग. किती टक्के बायकांना त्रास आहे?"

इथे माझ्यातलं स्कॉटलंड उसळलं. मी उभीच राहिले. म्हटलं, काका, एखाद्या बाईच्या आयुष्याचे टक्के काढता येत नाहीत! तिचा एकटेपणा पट्टीने मोजता येत नाही! काही गोष्टींचे टक्के होतच नाहीत!

शाहकाकांनी शांतपणे पेन उघडलं. "किती टक्के गोष्टींचे होत नाहीत?"

सुलभाताईंना हसू आवरेना. त्या खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेल्या. (जिग्नेश असता तर त्याने 'हसू, खोकल्याच्या वेषात' असं टाइप केलं असतं.)

मी फाइल उघडली आणि समोर आलेलं पान वाचायला लागले. त्यात एक बाई सांगते, की तिच्या मुलाला शाळेत 'माझे पप्पा' असं चित्र काढायला सांगितलं. बाकीच्या मुलांनी स्कूटर काढली, ऑफिस काढलं, मिश्या काढल्या. तिच्या मुलाने पलंग काढला. पलंगावर माणूस, डोळे मिटलेले, आणि अंगावर चादर. शिक्षिकेने घाबरून आईला बोलावून घेतलं. विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? आई म्हणाली, हो, ठीक आहे. नाइट शिफ्ट आहे.

पान संपलं. शाहकाका बराच वेळ पेनचं टोपण काढत होते, लावत होते. आता टक्के विचारणार, अशी मी तयारी केली.

"चादर कुठल्या रंगाची होती?" त्यांनी विचारलं.

"ते... ते विचारलं नाही, काका."

"मग काय खोल गेलात?" ते म्हणाले आणि उठले. "अर्जाचं नंतर बघू. आधी मला एकदा घेऊन चला. मी बघतो तुम्ही काय करता."

*

मुदत संपायला दहा दिवस राहिले होते, तेव्हा शाहकाका आमच्याबरोबर छाणीला वंदनाताईंकडे आले. रिक्षातच सुलभाताईंनी त्यांना तीन नियम सांगितले. प्रश्न विचारायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. घड्याळ बघायचं नाही.

"मग मी करू काय?"

"ऐका."

"ते तर मी करतोच," शाहकाका म्हणाले. सुलभाताई रिक्षाबाहेर बघायला लागल्या.

वंदनाताईंचा नवरा नाइट करून येऊन आत झोपला होता, म्हणून आम्ही चौघं दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो आणि मुलाखत कुजबुजत सुरू झाली. शाहकाकांना कुजबुज नीट ऐकू येत नाही. ते वाकत वाकत इतके पुढे आले, की वंदनाताईंनी त्यांच्या ओंजळीतच गवार ओतली. त्यांनी निमूटपणे मोडायला घेतली. एक गवार इंजिनियरच्या हाताने मोडली जाते तेव्हा प्रत्येक तुकडा एका मापाचा होतो!

पाचव्या मिनिटाला त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. सुलभाताईंनी मान हलवली. नाही. सातव्या मिनिटाला त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे सरकवली: 'ही स्वतः कधी झोपते? विचार!!' मी चिठ्ठी बॅगेत टाकली.

वंदनाताई सांगत होत्या. दाराच्या घंटीची वायर त्यांनी स्वतः काढून ठेवली आहे. मिक्सर शेजारी नेऊन चालवतात. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडतो आणि त्यांच्या दारासमोर मुका होतो, नुसता दुधी उंच धरून दाखवतो. मुलं घरात मोज्यांचा चेंडू करून खेळतात आणि गोल झाला की आवाज न करता नाचतात. तोंड उघडून, हात वर करून, अगदी टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखी! ते सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या, की तोंडावर पदर धरावा लागला. आम्हीही हसलो. सगळे बिनआवाजी.

मग त्या म्हणाल्या, "हे उठतात ना, तर म्हणतात, आज काय मस्त झोप लागली, किती शांत होतं! साहेब, शांत आपोआप होत नसतं हो. ते करावं लागतं."

शाहकाकांच्या हातातली गवार तशीच राहिली.

परतीच्या रिक्षात ते नखांतली गवार काढत बसले. सल्ला नाही, टक्के नाहीत. माझ्या मनात एकच: गेला आपला अर्ज. कारेलीबागेच्या वळणावर त्यांनी रिक्षा थांबवली, उतरले आणि रिक्षाच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"बेटा, चौतीस वर्षं मी शिफ्ट केली," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, आमची सोसायटीच शांत आहे."

*

आणि आता मुदत संपण्याच्या दिवसाची गोष्ट.

सकाळपासून मी खिडकीत. अर्ज ट्रस्टमध्ये पडून होता. पाचपर्यंत सही झाली नाही तर सोमवारपासून कुलूप. जिग्नेशने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली होती. सुलभाताई कपाटातले कप वर्तमानपत्रात बांधत होत्या आणि मला रागवत होत्या, की खिडकीत उभं राहून सही येत नसते.

अकरा वाजता जिन्यावर पावलं वाजली. शाहकाका! हातात आमची फाइल आणि मागे कॉटनची साडी नेसलेल्या, बुटक्या, गोऱ्या, धापा टाकणाऱ्या एक काकी.

"ही निर्मला," शाहकाका म्हणाले. "माझी मिसेस. हिची मुलाखत घ्या."

"काका, पण आमच्या सोळा झाल्या..."

"सतरावी घ्या!"

काकी संकोचल्या. "माझं काय असतं सांगण्यासारखं? यांचा हट्ट. पाच मिनिटं बसते हो."

सुलभाताईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. मागोमाग शाहकाका निघाले, तर सुलभाताई दारात आडव्या. "तुम्ही बाहेर."

"पण मी तिचा नवरा आहे!"

"म्हणूनच," सुलभाताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या खोलीत प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं, म्हणून तिथेही बसू देता येईना. शेवटी शाहकाका मांडीवर फाइल घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. फाइलमध्ये सही आहे की नाही, हे विचारायची माझी हिंमत होईना. मी शेजारच्या पायरीवर बसले.

साडेअकराला मी आत चहा देऊन आले.

"झालं?"

"नाही, काका. काकी आता चौथीत आहेत."

सव्वाबाराला पाणी देऊन आले.

"आता?"

"मॅट्रिकचा निकाल लागला."

"सेकंड क्लास," शाहकाका म्हणाले. मग थोडं थांबून, "सेकंडच होता ने?"

मी रिकामा ग्लास पुसत बसले. आम्हाला बोलता येत नाही. खालचा ट्यूशन क्लास सुटला, जिना भरून मुलं उतरली, शाहकाका अंग चोरून भिंतीला टेकले आणि पुन्हा सरळ बसले. पुढच्या तासाभरात ते तीनदा दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. फाइल एकदाही हातातून खाली ठेवली नाही.

पावणेदोनला मी दुसऱ्यांदा चहा देऊन आले, तर ते उभेच होते.

"आता तरी लग्न झालं असेल!"

"नाही, काका. पण जवळ आलंय. तुम्ही बघायला आलात, तिथपर्यंत पोचल्या."

"हो?" त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. तिथे, जिन्यावर! "मग? मला बघून काय म्हणाली?"

"काका, ते सांगता येत नाही. गोपनीय आहे. नियमावली तुम्हीच मंजूर केलीय."

शाहकाकांनी कॉलर सोडली. मग खाली बसले, मांडीवर फाइल उघडली, खिशातून पेन काढलं. अर्जात 'मुदतवाढ: एक वर्ष' असं होतं. त्यांनी 'एक' वर सरळ रेघ मारली. "चौतीस वर्षं बाकी आहेत अजून. एका वर्षात काय होणार तुमचं?" असं पुटपुटत वर लिहिलं, 'तीन'. खाली सही केली. तारीख घातली. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि फाइल माझ्यासमोर धरली.

मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी सोडली नाही.

"घे," ते म्हणाले. "पण आता सांग. काय म्हणाली?"

तेवढ्यात बंद दाराआडून काकी आणि सुलभाताई एकदमच हसायला लागल्या.